अकरा गाणी, त्यातलं एक आमचं

मामांनी ती कॅसेट माझ्या हातात दिली जेवणाच्या सुट्टीत. कारखान्यामागं सुताची रिकामी खोकी पडलेली असतात, तिथं आम्ही डबा खातो. त्या दिवशी त्यांनी डब्याचं झाकण लावलं, हात धुतले, पुसले, परत पुसले आणि पिशवीच्या तळातून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं.

"तुझ्या मोबाईलला गाणं ऐकवलं की नाव सांगतंय म्हणं?"

"व्हय मामा."

"इंग्लिश गाण्याचं बी?"

"इंग्लिशचं तर लवकर सांगतंय."

"मग हे बघ की." त्यांनी रुमाल सोडला. "आणि मामीला बोलू नको. अजिबात बोलू नको बे, समजलं का?"

मामा माझे सख्खे मामा नव्हेत, नात्यानं कुणीच नव्हेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ते तरुणपणापासून माग चालवतात. घरात तेलुगू बोलतात, बाहेर सोलापुरी. मी आठवीतून शाळा सोडलेला, मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला. आमचं गाव पार पश्चिमेच्या कोरड्या माळावर, आणि वर्षातले निम्मे महिने घरचे गावातही नसतात, मेंढरं घेऊन घाटाखाली जातात. मला घरी जायचं म्हटलं तरी आधी फोन करून विचारावं लागतं, घर सध्या कुठं हाय. सोलापुरात आलो तेव्हा मी कारखान्यातच टॉवेलच्या गठ्ठ्यांवर झोपायचो. दुसऱ्या महिन्यात तापानं फणफणलो. मामांनी मला सायकलीवर पुढं बसवून घरी नेलं. मामीनं चार दिवस पेज पाजली. ताप उतरल्यावर मी पिशवी घेऊन निघालो, तर ती म्हणाली, "कुठं चाललास? वरची खोली रिकामीच हाय की." त्याला आता आठ वर्षं झाली. ती खोली कुणाची होती आणि मला ताप आलेला बघून ही दोघं एवढी का घाबरली होती, हे मला कळायला पुष्कळ दिवस गेले.

खोली त्यांच्या मुलाची. एकुलता एक. पुण्याला इंजिनिअरिंगला होता, तिथं दोस्तांच्या नादानं गिटार शिकला. सुट्टीला आला की वरच्या जिन्यात बसून वाजवायचा. मामा पाळी संपवून यायचे आणि ओरडायचे, "दिवसभर खटखट ऐकून येतो, घरात बी खटखट!" शेवटच्या खेपेला दोघांचं जोरात वाजलं. जाताना मुलानं ही कॅसेट बापापुढं ठेवली आणि म्हणाला, "ह्यात अकरा गाणी हायत. त्यातलं एक आमचं हाय, स्वतः वाजवलेलं. कोणतं ते ओळखा, मग बोलू."

महिन्याभरात तो पुण्यातच तापानं गेला. तीन दिवसांत.

मामांनी त्यानंतर वर्षभर, मामी घरात नसली की, ती कॅसेट ऐकली. सगळी गाणी त्यांना एकसारखीच लागायची. मग टेपरेकॉर्डर बिघडला. दोस्तांना विचारावं तर एकाचंही नाव त्यांना नीट ठाऊक नव्हतं, ओरडा बसेल म्हणून पोरानं कुणाला घरी आणलंच नव्हतं. आणि मामीसमोर मुलाचा विषय ते काढत नसत, तीही काढत नसे. वीसेक वर्षं एका घरात दोघं तेवढा एक विषय सोडून सगळं बोलत आली होती.

"मी मरायच्या आत मला ते एक गाणं कळलं पाहिजे," मामा म्हणाले. "बाकी काय नको."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? ज्या माणसानं मला सायकलीवर घालून नेलं, त्यानं इतक्या वर्षांत माझ्याकडं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. पण कॅसेट तुटली तर? माझ्या हातून पुसली गेली तर? मी ती रुमालासकट उशाखाली ठेवायचो आणि दिवसातून तीनदा वर जाऊन बघायचो.

मामी घरात नसताना माळ्यावरचा टेपरेकॉर्डर काढला, पुसला, वायर बदलली. चालू झाला. मोबाईल पुढं धरला. मोबाईलनं पडद्यावर चक्र फिरवून सांगितलं, ओळखता आलं नाही. दुसरं गाणं, ओळखता आलं नाही. अकराच्या अकरा! मी धावत खाली गेलो आणि कारखान्याच्या रस्त्यावर मामांना गाठून सांगितलं, "मामा, मला वाटतंय सगळीच त्याची हायत."

मामांनी सायकल थांबवून माझ्याकडं बघितलं. "अकरा गाणी? परीक्षेला दोन विषयांत नापास झालता बे तो. एवढा वेळ कुठनं आणला?"

चूक कशी सापडली ते सांगतो. मागाचा पट्टा सैल झाला की माग मंद चालतो, हे आमच्याकडं नवीन माणसालाही आठ दिवसांत कळतं. टेपरेकॉर्डर उघडला तर आत तसलाच पट्टा, बांगडीएवढा, रबराचा, आणि तो ढिला पडलेला. सगळी गाणी रेंगाळत वाजत होती, माणसं झोपेत गावीत तशी. जुन्या बाजारातून त्या मापाचा पट्टा आणून घातला आणि पहिलं गाणं लावलं. गिटारनं असा काही उसळून सूर धरला की मी मागं सरकलो. दहा सेकंदांत मोबाईलवर नाव आलं.

असं माझं आणि त्या संगीताचं जमलं. त्याला रॉक म्हणतात हेही मला मोबाईलनंच सांगितलं. पहिलं गाणं निम्म्या जगाला पाठ असलेलं निघालं. चौथंही तसलंच. चौथ्याच्या नावाखाली त्या बँडचं चित्र आलं आणि मी बघतच राहिलो. ते चित्र माझ्या अंगात होतं. दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या गाड्यावरून घेतलेला काळा टी-शर्ट, मला वाटायचं कापड कंपनीचा शिक्का असेल. आमच्या जत्रेतला ढोल ऐकत वाढलेला मी, पण मोठ्या आवाजाला घाबरणारा. लग्नात बँड लागला की मांडवाबाहेर उभा राहणारा. हा आवाज मात्र मला घाबरवेना. ह्यात माणूस ओरडायचा, पण कुणावर ओरडायचा नाही.

दर सुट्टीच्या दिवशी मामी विड्यांसाठी तेंदूपानं आणायला गेली की मामा वर यायचे. मी सगळी कॅसेट मोबाईलवर उतरवून घेतली होती. मामा इअरफोन घालायचे, आवाज पूर्ण वाढवायचे, तरी म्हणायचे, "अजून." मागांनी त्यांचे कान खाल्लेत. आमच्यात सगळ्यांचंच थोडंफार तसं असतं. बारीक, उंच आवाज आधी जातात. पाखरं जातात, कुकरची शिट्टी जाते. जाड आवाज उरतात. कारखान्यात बोलणं ऐकून घ्यायची सोयच नसते, आम्ही ओठ बघतो. आणि माग बिघडला की मामा कान लावत नाहीत, तळवा लावतात.

मोबाईलला ओळखू आलेली गाणी सात. उरली चार. ती चार अशा लोकांची असावीत, ज्यांना त्यांच्या गल्लीबाहेर कुणी ओळखत नव्हतं. मी शोधत शोधत इंटरनेटवर एका जागी पोचलो. तिथं जगभरातली माणसं नाव नसलेली गाणी आणून टाकतात आणि दुसरी माणसं ती ओळखतात. कुणी रेडिओवरून चाळीस वर्षांपूर्वी उतरवलेलं अर्धं गाणं घेऊन बसलेलं असतं. मी मराठीत लिहायचो, मोबाईल त्याचं इंग्लिश करायचा, मी ते तीनदा वाचून भीत भीत पाठवायचो. कुणी हसलं नाही. एकानं दोन आठवड्यांत एक गाणं ओळखून दिलं, दुसरं एका बाईनं, तिच्या भावाकडं त्याची तबकडी होती. मी त्यांना एवढ्या वेळा धन्यवाद लिहिलं की तिनं उलट विचारलं, तुम्ही ठीक आहात ना?

उरली दोन. सातवं आणि नववं.

सातवं म्हणजे एकच गिटार, तीही अगदी वरच्या तारांवर, आणि वर बारीक आवाजात शब्दांविना गुणगुणणं. ढोल नाही, काही नाही. ते लागलं की मामा हात हलवायचे. "ह्यात काय नाय. कोरी जागा हाय. पुढं चल." मीही पुढं जायचो.

नववं लागलं की ते इअरफोनची वायर काढायचे आणि वाजत्या मोबाईलच्या पाठीवर तळवा ठेवायचे. नवव्यात ढोल होता, आणि तो ढोल मागासारखा चालायचा. खटाक-खट, खटाक-खट, अगदी मागातला धोटा इकडून तिकडं फेकल्यासारखा. मधे एका जागी तो अडखळून थांबायचा, बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की माग थांबतो तसा, आणि परत सुरू.

"मामा," मी म्हणालो, "हे."

त्यांनी तोवर डोळे मिटले होते. "हे कारखान्यात आलेल्या पोराचंच काम हाय. लहानपणी डबा घेऊन यायचा की. हितं बघ, हितं धागा तुटला... हितं जोडला." त्यांनी माझा हात धरून मोबाईलवर ठेवला. "बाहेरच्याला हे सुचंल का बे?"

मलाही तेच वाटत होतं. जगात दुसरीकडं माग असतील, आगगाड्या असतील, दुसरं काही खटखटत असेल, हे आम्हा दोघांच्या डोक्यात आलंच नाही. आमच्या कानांना खटाक-खट म्हणजे माग. त्याच्या पलीकडं आम्ही ऐकलंच नाही. मी म्हणालो, "शंभर टक्के."

ते शंभर टक्के मला अजून आठवतं.

मुलाच्या तिथीला मामांनी शेजारपाजारचे बोलावले. जेवणं झाल्यावर उठले आणि म्हणाले, पोराचं गाणं ऐका. मामीच्या देखत. मी पोळ्यांचं ताट घेऊन उभा होतो. स्पीकरवर नववं लागलं. गल्लीतली निम्मी माणसं मागावरची, त्यांनी माना डोलवायला सुरुवात केली. "माग वाजवलाय की पोरानं!" एकजण म्हणाला. मामा हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. त्यांनी हसत हसत मामीकडं बघितलं. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. सगळ्यांना वाटलं रडायला गेली.

त्यानंतर दोघं मुलाचं नाव घ्यायला लागली. जेवताना, चहाला. त्याला शेंगाचटणी कशी आवडायची, दहावीला असताना सायकलीवरून कसा पडला होता. माझ्यासमोर. मी खाली मान घालून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, चला, आपल्या हातून एक तरी काम झालं.

वर्षभरानं इंटरनेटवरच्या त्या जागी मला निरोप आला. मी नववं गाणं तिथून काढायचं विसरलो होतो. निरोप देणाऱ्यानं नुसतं नाव दिलं नव्हतं, सगळं दिलं होतं. लांबच्या एका थंड देशातलं छोटं गाव, तिघंजण, एकच कॅसेट काढली, शे-दोनशे लोकांनी ऐकली असेल. सोबत मूळ गाणं. मी ते लावलं. तोच ढोल, त्याच जागी तोच खंड.

आठ दिवस मला अन्न गेलं नाही. सांगितलं तर मामांचं काय होईल, ह्याची भीती होती, आणि खोटं कशाला बोलू, माझं काय होईल ह्याचीही होती. मी त्या घरात कोण? मुलाची खोली वापरणारा माणूस, आणि मुलाच्या नावाखाली भलत्याचं गाणं आणून देणारा.

शेवटी मामीकडं गेलो. ती दुपारची सोप्यात बसून विड्या वळत होती, मांडीवर सूप. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

"काय?"

"ते त्याचं नाय. त्या दिवशीच कळलं की."

"मग बोलला का नाही मामी?"

"मला कोण विचारलं?" तिनं विडीचं तोंड नखानं दाबून बंद केलं. "दोन माणसं वर बसून वर्ष वर्ष गाणी ऐकूलाले. मी काय बहिरी हाय? मी काय मागावर होते? तो दिवसभर जिन्यात वाजवायचा, तेव्हा घरात कोण होतं, तुझे मामा होते का?" मग थोड्या वेळानं, "आणि ते हसले होते रे. मी काय बोलणार?"

मी मोबाईल काढला आणि तिच्या कानात इअरफोन घालून सातवं लावलं.

तिचे हात थांबले. सुपातली तंबाखू तिच्या गुडघ्यावरून खाली सांडली, तिचं लक्ष गेलं नाही. गाणं निम्म्यावर आलं आणि तिनं झटकन एक इअरफोन काढून माझ्या कानाला लावला. "ऐक. आता ऐक."

गिटारच्या मागं, लांबून, जिन्याच्या खालून यावा तसा एका बाईचा आवाज. अन्नं तिंदुवु रा. जेवायला ये रे. रोज दोन वेळा मी ती हाक ह्याच जिन्यात ऐकत आलो होतो. पाचशे वेळा ते गाणं पुढं ढकललं असेल, पण निम्म्यापर्यंत एकदाही ऐकलं नव्हतं.

"किती चिडला होता माझ्यावर," मामी म्हणाली. "मधीच ओरडलीस म्हणून. पुसून परत करतो म्हणाला. केलं नाय वाटतं."

मग तिनं डोळे पुसले आणि मला बजावलं, मामांना सांगायचं नाही. त्यांना ते ऐकूच येणार नाही, मग कशाला. माझ्या जिवात जीव आला. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

ते बरं वाटणं एक दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मामा एका नव्या कामगाराला बोटांनी मागाच्या लोखंडावर ठोके दाखवत होते. त्यांचे ओठ मला लांबून वाचता आले. हितं धागा तुटला. हितं जोडला. माझ्या पोरानं केलंय. तो माणूस आदरानं मान हलवत होता.

पाळी सुटल्यावर सायकली हातात धरून चालताना मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो, त्यांना माझे ओठ दिसावेत म्हणून. सगळं सांगितलं. एकदा नीट सांगता आलं नाही, परत सांगितलं.

त्यांनी सायकलीचं हँडल सरळ केलं.

"मग ते कुणाचं?"

"तिकडल्या थंड देशातल्या तिघांचं."

"हायत का? जिवंत?"

"व्हय. एकजण पाव-बिस्किटांची भट्टी चालवतो म्हणं."

"बरं." ते दोन पावलं चालले. "असू दे. चांगलं वाजवलंय." मग थांबले. "आणि आपलं?"

"सातवं."

"ते कोरं हाय की बे."

माझ्या तोंडाकडं बघता बघता त्यांना कळलं. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले. मी शेजारी उभा राहिलो. जाणारी-येणारी विचारत होती, काय झालं, चक्कर आली का. मी म्हणत होतो, नाही, काही नाही.

घरी आल्यावर मामीला काही सांगावं लागलं नाही. तिनं माझ्याकडं रागानं बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं, आणि चटई टाकली. मामा भिंतीला टेकून बसले. मी इअरफोन त्यांच्या कानात घातला, सातवं लावलं, आवाज पूर्ण वाढवला. त्यांनी सवयीनं मोबाईलच्या पाठीवर तळवा ठेवला. तिथंही काही लागणार नव्हतं.

"लागलं का?"

"लागलंय मामा."

त्यांनी मान हलवली आणि ऐकत राहिले. इतक्या कष्टानं ऐकणारा माणूस मी बघितला नाही. कपाळाच्या शिरा वर आल्या होत्या. मी दुसरा इअरफोन मामीला दिला. ती त्यांच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. निम्म्यावर आल्यावर तिनं त्यांच्या हनुवटीला हात लावून तोंड आपल्याकडं वळवलं आणि आवाज न करता, ओठ मोठे करून म्हणाली, अन्नं तिंदुवु रा.

मामांनी ते वाचलं. "हितं?"

"हितं. मी हाक मारली त्याला. आलीय ह्यात."

"मग? आला का जेवायला?"

"कुठला येतोय," मामी म्हणाली. "गाणं संपेस्तोवर उठला नाय."

मामांनी परत मान हलवली. त्यानंतर ते हलले नाहीत. गाणं संपलं. मामीनं हळूच आपला इअरफोन काढून मांडीवर ठेवला. ते संपलंय हे त्यांना सांगायला आमच्या दोघांचंही तोंड उघडेना. मोबाईलवर आठवं आपोआप सुरू झालं, जाड ढोलाचं, जगभर वाजलेलं. ते मात्र त्यांच्या कानाला लागलं. त्यांनी दचकून माझ्याकडं बघितलं.

"आता हे कुणाचं?"